मोहित्यांच्या फियाटची पुढची सीट

श्रीरंगराव मोहित्यांच्या तरुणपणीच्या आठवणी ऐकायच्या तर फार काही करावं लागत नसे. त्यांच्यासमोर नुसतं गाडीचं नाव काढलं की पुरे. नव्वद सालानंतर दिल्लीत गाड्यांचं जे पीक आलं त्यात मयूर विहारच्या त्यांच्या सोसायटीत सतत कुणी ना कुणी नवी गाडी घेतच होतं, आणि पेढे घेऊन मोहित्यांच्या दारात येत होतं. श्रीरंगराव पेढा तोंडात टाकायचे, समोरच्याच्या गाडीचा रंगसुद्धा विचारायचे नाहीत, आणि थेट आपल्या फियाटवर घसरायचे.

"काय दिवस होते, यार! रविवारी सकाळी आम्ही दोघं निघायचो. काचा खाली. ही शेजारी बसलेली, हिचे केस भुरुभुरु उडतायत. मथुरा रोड बिल्कुल खाली! थेट बडखल तलाव गाठायचा. बोटीत बसायचं, चहा घ्यायचा, आणि परत. तुमच्या या एसी गाड्यांत ती मजा नाही."

पेढेवाला कौतुकाने अहिल्याबाईंकडे बघायचा. शेजारच्या प्रभाताई तर एकदा म्हणाल्या, "नशीबवान हो तुम्ही. आमच्या यांनी सायकलवर पण नाही फिरवलं." अहिल्याबाई हसून चहाचे कप गोळा करत आणि आत जात. आत गेल्यावर मात्र त्यांच्या मनात दर वेळी तोच प्रश्न येई, की ही शेजारी बसणारी, केस उडवणारी बाई कोण? कारण त्या गाडीच्या पुढच्या सीटवर अहिल्याबाई जन्मात कधी बसल्या नव्हत्या.

गाडी मात्र खरी होती. एकोणऐंशी साली श्रीरंगरावांच्या खात्यातला एक मद्रासी साहेब बदली होऊन गेला आणि जाताना आपली जुनी फियाट श्रीरंगरावांना विकून गेला. तेव्हा हे लोक रामकृष्णपुरमच्या सरकारी क्वार्टरात राहत. नवी गाडी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, असा तो काळ. अशा काळात केंद्र सरकारच्या एका साध्या असिस्टंटच्या दारात गाडी उभी राहिली म्हणजे केवढी ऐट! गाडी करड्या रंगाची होती, गिअर स्टिअरिंगला होता, आणि पुढची सीट बाकासारखी सलग, ऐसपैस होती. अहिल्याबाई तेव्हा तिशीच्याही आत होत्या. गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि खिडकीतून त्या सीटकडे बघून ठरवून टाकलं, की एका रविवारी मुलाला शेजाऱ्यांकडे ठेवायचं, पुढे बसायचं आणि बडखलला जायचं. ऑफिसातल्या एका मैत्रिणीने त्या तलावाचं भारी वर्णन केलं होतं.

पण त्याआधी कराडात श्रीरंगरावांच्या चुलतभावाचं लग्न निघालं.

दिल्लीतल्या मराठी माणसाने गाडी घ्यावी, चालवावी, ठोकावीसुद्धा. पण एक गोष्ट करू नये: गावाकडे जाऊन ती सांगू नये. श्रीरंगरावांनी ती भर पंगतीत सांगितली. जिलेबीचा आग्रह चालला होता, अंगात नवी सफारी होती, समोर पानापानावर नातेवाईक बसले होते. श्रीरंगरावांचा हात वर गेला आणि तोंडातून निघालं, "एकदा सगळ्यांनी दिल्लीला या! गाडी आहे आपली, अख्खी दिल्ली दाखवतो!" पंगतीतलं आमंत्रण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. हात दाखवून अवलक्षण कसं होतं ते अहिल्याबाईंना वाढता वाढताच कळलं, कारण काकासाहेबांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवून तिथल्या तिथे विचारलं होतं, "दिवाळीत थंडी फार असते का रे?"

काकासाहेब म्हणजे श्रीरंगरावांचे थोरले चुलते. निवृत्त फौजदार. ते दिवाळीत आले आणि त्यांनी वाट पाडून दिली. मग त्या वाटेने सगळं कराड आलं. वैष्णोदेवीला जाताना आले, हरिद्वारहून परतताना आले, मुलाच्या इंटरव्ह्यूला आले, आणि काही तर नुसतेच आले. भीमाबाई म्हणून काकासाहेबांकडे स्वयंपाकाला होत्या, त्या काशीयात्रेच्या वाटेवर आठवडाभर राहून गेल्या. श्रीरंगराव प्रत्येकाला आणायला नवी दिल्ली स्टेशनवर जात. जाताना पुढची सीट रिकामीच असे, पण त्या वेळी अहिल्याबाई घरी येणाऱ्यांच्या पोळ्या लाटत असत.

आणि येताना पुढची सीट मानाची. ती कुणी ठरवली नव्हती, पण लग्नातल्या पहिल्या पानासारखी ती आपोआप ठरलेली होती. काकासाहेब असले की काकासाहेब. जावई असला की जावई. दोघंही असले तर दोघंही, आणि मध्ये अनुराग, कारण मोहित्यांच्या या चिरंजीवांना मागे बसलं की उलटी व्हायची. सासऱ्याच्या मानाच्या माणसाला खेटून घरच्या सुनेने पुढे बसायचं, हे कुणाच्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं. अहिल्याबाई मागे. मागेही खिडकीशी नाही, मध्ये. मांडीवर पुरीभाजीचा स्टीलचा डबा, पायाशी पाण्याची सुरई, आणि दोन्ही अंगांना कराडच्या दोन भरभक्कम बायका. अशा बसलेल्या बाईचे केस कसे उडणार? ते तेल लावून चापूनचोपून बांधलेले असत आणि त्यांना पेट्रोलचा वास येत असे.

त्या सीटवर बसणाऱ्याला आधी दार उघडायचं शिकावं लागे. क्वार्टराच्या फाटकातून गाडी काढताना श्रीरंगरावांनी पहिल्याच महिन्यात डावं दार खांबाला घासलं होतं. तेव्हापासून त्याची मूठ आधी जराशी वर उचलायची, खांद्याने दार आत ढकलायचं आणि मग बाहेर ओढायचं, असा तीन पायऱ्यांचा मंत्र होता. श्रीरंगराव स्टेशनवर पाहुण्याला नमस्कार करायच्या आधी तो मंत्र शिकवत. पुढे कराडात लग्नामुंजीत जमलेले लोक एकमेकांना हवेत हात करून दाखवत, "उचल, ढकल, ओढ!" आणि पोट धरून हसत. ज्याला ते येई तो दिल्ली बघून आला, असं समजत.

दिल्लीदर्शनाचा मार्गही ठरलेला होता. बिर्ला मंदिर, कुतुब, लाल किल्ला, राजघाट. शेवटी श्रीरंगरावांचा खास कार्यक्रम: "आता तुम्हाला आपल्या मराठी सरदाराचं ठिकाण दाखवतो." मग गाडी रिजच्या टेकडीचा चढ चढून हिंदूरावला जाई. काकासाहेब पहिल्यांदा गेले तेव्हा तोफा, बुरूज असं काहीतरी मनात धरून गेले होते. समोर पालिकेचं भलंथोरलं हॉस्पिटल आणि केसपेपरच्या रांगा! ग्वाल्हेरहून आलेले हिंदूराव इथे राहायचे, असं श्रीरंगराव छाती फुगवून सांगत होते. काकासाहेबांनी स्ट्रेचरवरून चाललेल्या एका पेशंटकडे बघितलं आणि म्हणाले, "सरदारांची प्रकृती बरी दिसत नाही."

त्याच चढावर गाडी हमखास बंद पडायची. वय झालेली गाडी, त्यात आठ-आठ माणसं. मग सगळे उतरून ढकलायला लागत. काकासाहेब मात्र उतरत नसत. "चढावर पुढे वजन लागतं," असं त्यांचं फौजदारी शास्त्र होतं. अहिल्याबाई पदर खोचून डिकीला खांदा लावत. फियाटची मागची बाजू दिल्लीत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नसेल. डिकीचं कुलूप कुठे टोचतं, बंपर कुठे धरला तर हात सरकत नाही, चढावर सुटली की कुठल्या बाजूला ओढते, सगळं त्यांना हाताने माहीत होतं. काचेतून पुढे बघितलं की काकासाहेबांची टोपी दिसे. एकदा ते अख्खं लटांबर बडखललाही गेलं. पुढे काकासाहेब आणि जावई. बोटी दोनच मोकळ्या होत्या, त्यामुळे अहिल्याबाई काठावर चपला आणि डबे सांभाळत बसल्या. परतताना मात्र त्यांनी मनाशी पुन्हा म्हटलं, एकदा. फक्त एकदाच, या सीटवर बसून कुठेतरी जायचं.

बोलल्या का नाहीत? बोलायचं काय, हाच तर प्रश्न. 'मला पुढे बसव' असं सांगायला त्या काय लहान मूल होत्या? आणि पाहुणे नसले की गाडी निघतच नसे. पेट्रोल महाग. श्रीरंगराव चार्टर्ड बसने ऑफिसला, अहिल्याबाई डीटीसीच्या बसमध्ये लोंबकळत त्यांच्या ऑफिसला, आणि गाडी कव्हर पांघरून घरी आराम करत असे.

मग दिवस पालटले. यमुनेपलीकडे सोसायट्या उठल्या, मोहिते मयूर विहारला राहायला आले. कराडचे लोकही सुधारले. ते आता टूरवाल्याकडून जाऊ लागले, हॉटेलात उतरू लागले, आणि मोहित्यांना फोन करून "या वेळी वेळच नाही हो मिळाला" असं कळवू लागले. काकासाहेब वारले. पाहुणे थांबले तशी फियाटही थांबली, जणू पाहुण्यांशिवाय चालायचं कसं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. आधी बॅटरी गेली, मग टायर बसले, आणि कडुलिंबाखाली कावळ्यांनी तिला पांढरं करून टाकलं. पण आठवणी सांगायला गाडी चालू असावी लागत नाही. उलट गाडी जितकी गंजत गेली तितके त्या आठवणीतल्या बाईचे केस जास्त उडू लागले.

अनुराग गुडगावच्या एका कंपनीत लागला, केतकीशी लग्न झालं, आणि त्याने कर्ज काढून लाल रंगाची नवी गाडी आणली. सोसायटीचा नियम, एका फ्लॅटला एकच गाडी. सेक्रेटरीने तोंडदेखलं हसून महिन्याची मुदत दिली. श्रीरंगराव जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फरीदाबादच्या अशोकला फोन केला. जुन्या फियाट घेऊन सुट्या भागांचा धंदा करणारा माणूस. रविवारी येतो म्हणाला.

त्याआधी नव्या गाडीने पहिली फेरी मंदिरात जायची होती. अनुराग खालून ओरडला, "आई, चलो! मी गाडी गेटवर खडी केलीय!" केतकीने पुढचं दार उघडून धरलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही पुढे बसा ना." अहिल्याबाई चक्क पुढे झाल्या. पण त्यांनी पदर सावरेपर्यंत श्रीरंगराव केतकीला "थँक्यू बेटा" म्हणून आत शिरले होते आणि सीट मागेपुढे करून बघत होते. "मी जुना गाडीवाला आहे. पोराचा हात कसा आहे ते पुढून कळतं," ते म्हणाले. अहिल्याबाई मागे बसल्या. मांडीवर पेढ्यांचा पुडा आणि नारळ.

मंदिरात त्यांनी हात जोडले, पण देवापाशी मागितलं काहीच नाही. इतका राग आला होता. राग कसला तर एका सीटचा! साठीच्या घरात आलेल्या, सरकारी नोकरी करून पेन्शनीत निघालेल्या बाईला एका गंजक्या सीटचा राग यावा याची त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. घरी येऊन त्यांनी चप्पल काढायच्या आधी विचारलं, "अहो, मी फियाटमध्ये पुढे कधी बसले होते?"

"म्हणजे काय?" श्रीरंगराव पेपर उघडत म्हणाले. "नेहमी तूच तर बसायचीस."

"कधी?"

"काहीतरीच काय विचारतेस! अगं, बडखलला जायचो ना आपण. तुझे केस उडायचे. मला साफ दिसतंय."

तो माणूस खोटं बोलत नव्हता, हेच तर दुखणं होतं. खोटं बोलला असता तर भांडता आलं असतं. ज्या वर्षांत बायको मागे डबा धरून बसली होती ती सगळी वर्षं त्यांनी मनातल्या मनात तिला शेजारी बसवून गाडी हाकली होती. याचं बरं वाटून घ्यावं की कपाळ बडवावं, ते अहिल्याबाईंना ठरवता येईना. त्यांनी पोळ्यांची कणीक भिजवायला घेतली आणि ती फार घट्ट भिजवली.

रविवारी सकाळी अशोक टेम्पो घेऊन आला. दोर बांधला, टायरमध्ये हवा भरली आणि मग डोकं खाजवत उभा राहिला. "बाऊजी, मेरा दूसरा आदमी आया नहीं. स्टेरिंग पे कौन बैठेगा?"

"कौन बैठेगा म्हणजे? मैं बैठूंगा," श्रीरंगराव म्हणाले. "बाईस साल मैंने चलाई है. आखिरी दिन किसी और के हाथ में नहीं दूंगा."

अहिल्याबाई गॅलरीतून ऐकत होत्या. त्या आत गेल्या, अबोली रंगाची नारायणपेठी नेसल्या, आणि आरशासमोर केस नेहमीसारखे चापून न बांधता नुसती सैल वेणी घातली. केतकीने विचारलं, "आई, कुठे चाललात?" त्या म्हणाल्या, "यांच्याबरोबर. गाडीने."

खाली सोसायटीतली चार पोरं गोळा झाली होती. बायकोला येताना बघून श्रीरंगरावांनी हात लांब केला आणि सवयीने मागचं दार उघडलं. "येतेस? बरं, बस."

"मी पुढे बसणार आहे."

"हो हो, बस की! मी कुठे नाही म्हणतोय? नेहमी बसतेस तशी बस," म्हणत ते वळसा घालून स्टिअरिंगवर जाऊन बसले.

अहिल्याबाईंनी पुढच्या दाराची मूठ धरली आणि ओढली. दार हललं नाही. पुन्हा ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. मूठ खडखडली, दार जागच्या जागी.

"अगं, उचल, ढकल, ओढ," श्रीरंगराव आतून म्हणाले.

"काय उचलू? मला नाही येत हे."

श्रीरंगराव हसायला लागले आणि मध्येच थांबले. काचेच्या आतून ते बायकोच्या हाताकडे बघत राहिले. ते दार काकासाहेबांना उघडता येत होतं. सगळ्या जावयांना येत होतं. आठवड्यापुरत्या आलेल्या भीमाबाईंना येत होतं. कराडातल्या, ज्यांनी ती गाडी बघितली नव्हती, त्या पोरांनासुद्धा हवेत हात करून येत होतं.

ते खाली उतरले, वळसा घालून आले. चेहरा असा पडला होता की अहिल्याबाईंना आपला राग क्षणभर आठवेना. त्यांनी बायकोच्या हातावर हात ठेवून मूठ वर उचलली, खांदा लावून दार आत ढकललं आणि ओढलं. दार उघडलं. सीटवर धुळीचा थर होता. श्रीरंगरावांनी खिशातला इस्त्रीचा रुमाल काढला आणि खाली वाकून सीट पुसली, कोपऱ्याकोपऱ्यातून, बराच वेळ.

"बैस," ते म्हणाले. मग अगदी हळू, "खिडकीशी बैस."

टेम्पोने दोर ताणला आणि गाडी हलली. अहिल्याबाईंनी काच खाली करायला हँडल फिरवलं, ते नुसतंच फिरलं. "काचच तळव्यांनी धरून खाली दाब," श्रीरंगराव म्हणाले. काच कुरकुरत खाली गेली. आयुष्यभर मनात बाळगलेल्या त्या सीटवरून काय दिसत होतं, तर टेम्पोची मागची फळी आणि तिच्यावर रंगवलेलं 'फिर मिलेंगे'. अहिल्याबाईंना हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते टेम्पोच्या धुरामुळे असं म्हणायची सोय होती. कालिंदी कुंजचा पूल ओलांडला, मथुरा रोड लागला. वेग असा की मागून स्कूटरवाले सुद्धा हॉर्न देऊन पुढे जात होते. वेणीतून चार बटा सुटल्या आणि खरंच उडू लागल्या. श्रीरंगरावांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. ते समोर कमी आणि डावीकडे जास्त बघत होते, म्हणून अहिल्याबाईंना दोनदा ओरडावं लागलं, "अहो, दोर बघा!"

तलावाकडे वळणाऱ्या बडखलच्या मोडावर अशोकने टेम्पो बाजूला घेतला आणि टपरीवरून चहा आणला. श्रीरंगरावांनी विचारलं, जरा तलावापर्यंत जाता येईल का? "वहां क्या देखोगे, बाऊजी? पानी तो कब का सूख गया," अशोक म्हणाला. मग दोघांनी गाडीतच बसून, खिडकीतून आत आलेले ग्लास हातात धरून चहा घेतला. ग्लास परत देताना अहिल्याबाई म्हणाल्या, "चांगला होता."

फरीदाबादला गाडी सोडून ते बसने परतले. बस भरलेली होती, एकच जागा मिळाली. श्रीरंगरावांनी अहिल्याबाईंना बसवलं आणि स्वतः दांडा धरून उभे राहिले.

पुढच्याच महिन्यात खालच्या मजल्यावरचे विठ्ठलराव नव्या गाडीचे पेढे घेऊन आले. श्रीरंगरावांनी पेढा तोंडात टाकला. "काय सांगू तुम्हाला! रविवारची सकाळ. ही शेजारी बसलेली..." इथे ते अडखळले आणि त्यांनी बायकोकडे बघितलं. इतक्या वर्षांत ही गोष्ट सांगताना त्यांनी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

अहिल्याबाई कप गोळा करायच्या थांबल्या. "हो," त्या म्हणाल्या. "खिडकीशी. काच खाली होती, केस उडत होते. बडखलला चहा घेतला."

"वा!" विठ्ठलराव म्हणाले. "काय वेग असेल तेव्हा गाडीला!"

नवराबायकोंनी एकमेकांकडे बघितलं. दोराचं त्या दोघांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.